१९१५ हेल्पलाइन, गल्ल्याच्या अलीकडून

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन ग्राहकांसाठी, म्हणून व्यापारी तिच्याकडे धास्तीनेच बघतात. खरं तर कोर्टकचेरीआधी चूक निस्तरण्याची इतकी स्वस्त संधी दुकानदाराला दुसरीकडे मिळत नाही.

१९१५ वर मराठीसह १७ भाषांत तक्रार घेतात. पोर्टल, व्हॉट्सअ‍ॅप आणि उमंग अ‍ॅपही आहे. तक्रारीला डॉकेट क्रमांक, म्हणजे नोंदीचा क्रमांक, मिळतो आणि ती कंपनीकडे जाते. हेल्पलाइनला निकाल द्यायचा किंवा दंड करायचा अधिकार नाही. ‘कन्व्हर्जन्स’मध्ये, म्हणजे कंपन्यांना हेल्पलाइनशी थेट जोडणाऱ्या व्यवस्थेत, सामील झालेल्या कंपन्या पोर्टलवरच उत्तर देतात, त्यामुळे कागद फिरत बसत नाही.

घोळ होतो तो उत्तरात. ‘संबंधित विभागाला कळवले आहे’ एवढं लिहून तक्रार बंद केली की तक्रारदार ग्राहक आयोगात जातो, आणि तेच उत्तर तिथे पुरावा म्हणून लावतो. बिल क्रमांक, परताव्याची रक्कम, तारीख आणि बँकेचा व्यवहार क्रमांक लिहा. ऑनलाइन विक्रीत २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं. त्यासाठी तक्रार अधिकाऱ्याचं नाव व संपर्क साइटवर हवा. नुसता ईमेल पुरत नाही.

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आधी उतरवा. सदोष माल बिलावर छापलेल्या मुदतीत, आणि मुदत छापली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणंही त्यातच येतं. म्हणून बिलावर स्वतःची मुदत छापा. ग्राहकाचं फक्त मन बदललं असेल तर हे कलम लागत नाही, पण काउंटरवरच्या मुलाला हा फरक शिकवलेला नसतो. ऑनलाइनवाल्यांनी २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांतले १३ डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या साइटच्या रचना, एकेक करून तपासाव्यात. आधीच टिक केलेला विमा आणि शेवटच्या पानावर उगवणारं शुल्क, हे दोन आधी.

स्पर्धा कायद्याच्या बाबतीत मात्र या सेवेचा उपयोग जवळजवळ शून्य. संघटनेने दरपत्रक ठरवून सगळ्यांनी तेच लावणं हा २००२ च्या कायद्याच्या कलम ३ चा मामला, आणि तो भारतीय स्पर्धा आयोगाकडे जातो. अशा संगनमताला, म्हणजे कार्टेलला, दंड नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत, जो जास्त असेल तो. बैठकीत भावाचा विषय निघाला तर हरकत इतिवृत्तात नोंदवून बाहेर पडा. गप्प बसून चहा प्यायलात तरी हजेरी लागतेच. डीलरला ‘यापेक्षा जास्त सूट देऊ नकोस’ असं बजावणंही धोक्याचं. त्यावरून आयोगाने २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड लावला होता. कंपनी अपिलात गेली.

ग्राहकांसाठी एकच: ग्राहक आयोगात जाण्याची मुदत २ वर्षांची आहे, आणि हेल्पलाइनवर डॉकेट उघडं आहे म्हणून ती थांबत नाही.