मागच्या दाराला मॅग्नेटिक लॉक की पॅनिक बार?

अभ्यासिका, क्लास किंवा छोटं सभागृह चालवत असाल, तर मागच्या दाराचा प्रश्न कधीतरी येतोच. बाहेरून कुणी शिरू नये, पण आतून प्रत्येकाला निघता यावं. पर्याय दोन: विजेच्या चुंबकाने दार धरून ठेवणारं मॅग्नेटिक लॉक, किंवा पॅनिक बार, म्हणजे आतून ढकलताच दार उघडणारी आडवी दांडी. कडी-कुलूप मी विचारातही घेतलं नाही. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार सिनेमागृहाच्या आगीत ५९ माणसं गेली आणि बाल्कनीतल्यांच्या बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या होत्या, एवढं पुरे आहे.

मॅग्नेटिक लॉकला नावं ठेवायचा हेतू नाही. आवाज नाही, कार्ड मशीनला जोडता येतं, खर्चही कमी. वीज गेली की चुंबक सुटतो, म्हणून ते सुरक्षितही मानतात. आमच्या अभ्यासिकेत पहिल्यांदा तेच होतं.

अडचण बॅटरीची. वीज गेल्यावर दार उघडं राहू नये म्हणून लॉकला बॅकअप देतात. मग दिवे जातात, लॉक मात्र धरून बसतं. त्याची नेहमीची पकड २८० किलोची, खांद्याने ढकलून सुटणारी नाही. सुटका फक्त भिंतीवरच्या बटणाने. रोजच्या मुलांचा हात आपोआप बटणाकडे जातो. पण स्पर्धा परीक्षेची नवी बॅच आली की तेच दिसायचं: मुलगा दार ढकलतो, पुन्हा जोरात ढकलतो, मग मागे वळून कुणाला तरी विचारतो. भरदिवसा, लख्ख उजेडात. धुरात तो कुणाला विचारणार? फायर अलार्मची वायर जोडली तर लॉक आपोआप सुटतं, हे खरं. पण छोट्या जागेत अलार्म पॅनेलच नसतं, आणि असलं तरी ती वायर ‘नंतर बघू’वर राहते.

पॅनिक बार त्याच चुकीच्या ढकलण्यावर उघडतो. १८८३ साली इंग्लंडमधल्या संडरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये जिन्याखालच्या दाराला बोल्ट लावून एकाच मुलापुरती फट ठेवली होती. १८३ मुलं चेंगरून गेली. पुढे १८९२ मध्ये रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज यांनी ढकलताच सुटणाऱ्या बोल्टचं पेटंट घेतलं. आजच्या युरोपीय मानकात, ईएन ११२५ मध्ये, बार ८० न्यूटनच्या, म्हणजे साधारण आठ किलोच्या दाबाने सुटावा लागतो. आत गर्दी दारावर रेटत असतानाही तो २२० न्यूटनच्या आत सुटला पाहिजे.

त्रास यालाही आहेत. दार धाडकन आपटतं, दार हळू मिटवणारा क्लोजर लावावाच लागतो. लाकडी दार पावसाळ्यात फुगलं तर बार सुटूनही दार चौकटीत अडकतं, त्यामुळे जूनमध्ये रंधा मारून घ्यावा लागतो. मुलं मधेच मागून सटकतात, त्यावर आम्ही साधी बॅटरीवरची घंटी लावली.

तुमच्याकडे ठरलेलीच माणसं येत असतील आणि अलार्म नीट जोडलेला असेल, तर मॅग्नेटिक लॉकही कदाचित चालेल. पुढच्या दाराला आमच्याकडे अजून तेच आहे, पण दिवसभर तिथे माणूस बसतो. मागच्या दाराला मी बारच घेईन. खर्च जड वाटत असेल तर बाहेरचं हँडल घेऊ नका. ते दार फक्त निघण्यासाठी आहे. आणि पैसे देण्याआधी तुमच्याकडच्या सगळ्यात किरकोळ अंगाच्या मुलीला एका हाताने ते उघडून बघायला सांगा.