जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्डवाला जुना गेमिंग लॅपटॉप रिफर्बिश्ड घेतला, वर्ष होत आलं, अनुभव लिहितोय

संक्रांतीच्या सुमारास घेतला, ३४ हजारांना. आय७ आठव्या जनरेशनचा ८७५०एच, जीटीएक्स १०६० सहा जीबीवालं, १६ जीबी रॅम, ५१२ ची एसएसडी. म्हणजे २०१८ चं मशीन. दिवसा लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग, रात्री गेम. आणि मी राहतो जळगावला, हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढे उन्हाळ्याचा विषय येणारे.

पहिली गोष्ट, गेमिंग लॅपटॉपच्या बाबतीत 'रिफर्बिश्ड' या शब्दावर फार जाऊ नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला दुकानांत थप्प्या लावलेले जे लॅपटॉप दिसतात ना, ते बहुतेक ऑफिसातले, थिंकपॅड, लॅटिट्यूड वगैरे, कंपन्यांनी तीन-चार वर्षं लीजवर वापरून परत केलेले, आयुष्यभर एसीत बसून एक्सेल चालवलेले. गेमिंगवाला माल तसा ऑफिसातून येत नाही, तो येतो कुठल्यातरी हॉस्टेलवरच्या पोराकडून, गादीवर ठेवून पहाटेपर्यंत तापवलेला. त्यामुळे बॉडी किती चकचकीत आहे ते बघण्यापेक्षा कीबोर्ड बघा, डब्ल्यू-ए-एस-डी ही चार बटणं (गेममध्ये चालायला-पळायला हीच दाबतात) बाकीच्यांपेक्षा गुळगुळीत झाली असतील तर समजून जा. झाकण एका कोपऱ्याने धरून उघडा, बिजागरीपाशी प्लास्टिक करकरलं किंवा बॉडीची फट वाढली तर तिथूनच परत फिरा, ते काम नंतर लई खर्चिक पडतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो, त्यात मूळ कपॅसिटी आणि आताची कपॅसिटी दोन्ही दिसतात, दुकानदारासमोरच काढायचा. माझ्यात साठ टक्क्यांच्या आसपास उरली होती, त्यावर भाव थोडा खाली आला. एसएसडी किती तास चालली तेही क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये दिसतं, फुकट आहे.

तेवढ्याच पैशात जीटीएक्स १६५० वालाही मिळत होता, नवीन पिढीचा. दोन दिवस डोक्याचा भुगा. १६५० कमी वीज खातं, कमी तापतं, पण लॅपटॉपमधल्या त्या कार्डाला मेमरी चारच जीबी आणि निव्वळ ताकदीत १०६० पुढे आहे. डीएलएसएस, म्हणजे एआयने फ्रेम्स वाढवून देणारं एनव्हिडियाचं तंत्र, दोन्हीत नाही, ते हवं तर आरटीएक्स २०६० पासून पुढे बघावं लागतं आणि त्याचे भाव माझ्या खिशाबाहेर. मी सहा जीबीकडे गेलो. विचर ३, जीटीए ५ फुल एचडीवर मस्त, सेकंदाला साठच्या आसपास फ्रेम्स. रेड डेड २ मीडियम-हाय मिसळून खेळतो, चाळिशीच्या पुढे राहतं, मला पुरतं. काउंटर-स्ट्राइकला काही प्रॉब्लेम नाही. पण इंडियाना जोन्स किंवा डूमचा नवा भाग, ज्यांना रे ट्रेसिंगचं (खऱ्यासारखा प्रकाश-सावली दाखवायचं) हार्डवेअर लागतंच लागतं, ते विसरायचं.

आता उन्हाळा. दुकानातून निघताना "भाऊ, पेस्ट नवी टाकलीये" असं ऐकून आलो होतो, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट. जानेवारी-फेब्रुवारीत काही जाणवलं नाही. एप्रिलमध्ये बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस झालं, खोलीत पंख्याखाली छत्तीस-सदतीस, आणि गेम सुरू केला की पाच मिनिटांत प्रोसेसर सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव डिग्री. शंभरला हा प्रोसेसर स्वतःचा स्पीड पाडतो, मग गेम मधेच अडखळतो आणि माणसाला वाटतं ग्राफिक्स कार्ड म्हातारं झालं. कार्ड बिचारं ठणठणीत होतं! उघडून बघितलं तर पेस्ट वाळून खडू झालेली आणि फॅनच्या मागे जाळीवर नमद्यासारखा धुळीचा थर. गावातल्या रिपेरिंगवाल्याकडून समोर बसून साफ करून घेतला, चांगली पेस्ट टाकली, खर्च हजाराच्या आत, दहा-बारा डिग्री उतरले. पण खरा फरक पडला तो एका फुकटच्या सेटिंगने. पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट शंभराऐवजी नव्याण्णव करायची. टर्बो बंद होतो, प्रोसेसर ४.१ गिगाहर्ट्झपर्यंत उड्या मारायचं सोडून २.२ ला शांत बसतो आणि तापमान सत्तरीत येतं. माझ्या गेममध्ये फ्रेम्स फार पडल्या नाहीत कारण तिथे अडतं ते कार्डापाशी, काउंटर-स्ट्राइकमध्ये मात्र पडतात, तेव्हा मी टर्बो चालू करतो. वर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधून फ्रेम्स साठला बांधून ठेवल्या, स्क्रीनच साठ हर्ट्झची आहे, जास्त काढून करायचं काय. अंडरव्होल्टिंग, म्हणजे प्रोसेसरला थोडं कमी व्होल्टेज देणं, पण करून बघायचं होतं, पण २०१९ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरमध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेची त्रुटी सापडली, त्या भानगडीनंतर बऱ्याच कंपन्यांनी बायोस अपडेटमध्ये ते कुलूपबंद केलंय, माझंही बंद निघालं. आणि हो, थंडाव्यासाठी लॅपटॉप पाण्याच्या कूलरच्या तोंडाशी ठेवू नका, आमच्याकडे लोक ठेवतात, ती हवा दमट असते.

एडिटिंगला आठ-बिटचं फुटेज लोण्यासारखं. नवीन कॅमेऱ्यांचं दहा-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती असलेलं) फुटेज आलं की टाइमलाइन रडते, या कार्डाला ते हार्डवेअरमध्ये डिकोड करता येत नाही, प्रॉक्सी, म्हणजे फुटेजची हलकी कॉपी, करूनच काम करावं लागतं. बॅटरीवर नुसतं ब्राउझिंग दीड तास. गेम प्लगशिवाय नाहीच, लाईट गेली की खेळ संपला. अॅडॉप्टर विटेएवढा, तो बॅगेत टाकला की खांदा बोलतो. स्क्रीनचे रंग फिके, कलर करेक्शन बाहेरच्या मॉनिटरवर करतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन गोष्टी एकाच महिन्यात झाल्या. १४ तारखेला विंडोज १० चा सपोर्ट संपला. आठवी जनरेशन असल्याने माझ्यावर विंडोज ११ रीतसर चालतं, सातवीवाले, म्हणजे ७७००एचक्यू वगैरे, अधिकृतरीत्या बाहेर. दुकानात सातवीच्या मशीनवरही ११ टाकून देतात, दिसायला फरक कळत नाही, म्हणून प्रोसेसरचा नंबर स्वतः वाचायचा. दुसरं, एनव्हिडियाने १०६० च्या अख्ख्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं थांबवलं, आता फक्त दर तीन महिन्यांनी सिक्युरिटी अपडेट, तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंत. १६५० ला हा नियम लागू नाही. मी खेळतो ते गेम जुनेच असल्याने मला आज काही फरक पडत नाही, पण आत्ता नव्याने घेणाऱ्याने याचा भाव पाडून मागावा, ३४ हजार आता १०६० ला जास्त आहेत. पंचविशीच्या आत मिळत असेल तर बघा, नाहीतर १६६० टीआय शोधा, त्यातही सहा जीबी आहे आणि ड्रायव्हर चालू आहेत.

रॅमचं पण बघून घ्या. "आठ जीबीवाला घ्या, नंतर वाढवा" हा सल्ला २०२४ पर्यंत ठीक होता. सध्या रॅमचे भाव असे काही चढलेत की मित्राने डीडीआर४ ची एक आठची काडी विचारली आणि फोन ठेवून दिला. सोळा जीबी, दोन काड्यांत, आधीच बसवलेली असेल तोच घ्या, हजार-दीड हजार जास्त पडले तरी.