वर्षभर ऐकलेलं गॉस्पेल आणि नाताळचं म्युझिक: अल्बम भारी, पण टाळ्या मधेच का तुटतात?

नोव्हेंबर लागला की "यंदाची टॉप टेन ख्रिसमस गाणी" सगळीकडे दिसायला लागतात आणि त्यातली आठ तरी मॉलच्या लिफ्टमध्ये वाजतात तीच असतात. ही तसली लिस्ट नाही. गेल्या नाताळच्या आधीपासून काही गॉस्पेल (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं भक्तिसंगीत) आणि नाताळचे अल्बम मी आलटून पालटून लावतोय, उन्हाळ्यात पण, बायको म्हणायची मे महिन्यात कसला नाताळ आणि पंखा फुल करून निघून जायची. मी मूळचा नगरचा, आता पिंपरीत, मंडळीच्या (चर्चच्या) क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, बेस हा पुरुषांचा खालचा आवाज गातो, त्यामुळे ऐकण्यात थोडा स्वार्थ पण होता, यंदाच्या नाताळच्या उपासनेला काही नवीन बसवता येतंय का बघायचं होतं. मधे काही मतं बदलली, ती बदलली तशीच लिहितो.

आधी स्पीकरचं सांगून टाकतो नाहीतर पुढचं डोक्यात जाणार नाही. साडेचार हजाराचा ब्लूटूथ स्पीकर, बॉक्सवर पावसाचे थेंब उडतानाचा फोटो, आणि तो डिसेंबरात घरोघरी नाताळची गाणी म्हणत फिरलो त्या कॅरल राउंडनंतर चार्जच होईना. सर्व्हिस सेंटरवाल्याने उघडून न बघताच सांगितलं, "सर, लिक्विड डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही." अहो पुण्यातलं पहाटेचं दव हे लिक्विड डॅमेज असेल तर बॉक्सवर तो फोटो कशाला छापता? मेल केले, बिलाची झेरॉक्स दिली, टोकन घेऊन बसलो, शेवटी दुरुस्तीचा खर्च सांगितला तो नव्या स्पीकरच्या निम्म्याहून जास्त. नाही केली दुरुस्ती. तो डबा अजून कपाटावर आहे. हे सांगायचं कारण की यातल्या अर्ध्या अल्बमबद्दलचं माझं मत स्पीकर मेल्यानंतर तयार झालंय, कसं ते खाली येईल.

गॉस्पेल गायिका सीसी वायनन्सचा "जॉयफुल, जॉयफुल", २०२४ चा नाताळचा अल्बम. वायनन्स घराणं ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, डेट्रॉइटचं कुटुंब, दहा भावंडं, आधी सगळे मुलगे आणि आठवी ही, पहिली मुलगी. फेब्रुवारी २०२५ मध्ये हिला "मोअर दॅन धिस" साठी बेस्ट गॉस्पेल अल्बमचं ग्रॅमी पारितोषिक मिळालं. नाताळचा अल्बम पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझं मत, आवाज मस्त पण सगळं फार चकचकीत, कुठे श्वास घ्यायला जागा नाही. स्टार द्यायचे असते तर तेव्हा तीन दिले असते. थांबा, याच्यावर परत येतो.

आता मुख्य दुखणं. अमेरिकन गायिका अरिथा फ्रँकलिनचा "अमेझिंग ग्रेस". नवीन नाही, १९७२ चा आहे, पण नवीन ऐकायचं तर मोजपट्टी हीच. १३ आणि १४ जानेवारी १९७२, लॉस एंजेलिसमधलं न्यू टेम्पल मिशनरी बॅप्टिस्ट चर्च, पियानोवर आणि सूत्रसंचालनाला रेव्हरंड जेम्स क्लीव्हलंड, मागे सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी क्वायर, ड्रमवर बर्नार्ड पर्डी, बेस गिटारवर चक रेनी. स्टुडिओ नाही, खरी मंडळी बाकांवर बसलीये, ती मधेच ओरडते, टाळ्या देते, रडते. मूळ डबल एलपीवर (दोन तबकड्यांवर) गाणी निवडून लावली होती, १९९९ मध्ये "कंप्लीट रेकॉर्डिंग्ज" म्हणून दोन्ही रात्री क्रमाने, बोलण्यासकट काढल्या. सिनेदिग्दर्शक सिडनी पोलॅकने तेव्हाच त्याचं शूटिंग पण केलं होतं, पण क्लॅपरबोर्डच वापरला नाही त्यामुळे चित्र आणि आवाज जुळेना, ती फिल्म लोकांना दिसायला २०१८ उजाडलं. एवढ्या मोठ्या माणसाच्या युनिटमध्ये कोणाला पाटी आपटायची आठवण राहिली नाही, यावर मी अजून हसतो.

तर ही कंप्लीट आवृत्ती ॲपवर लावली. गाणं संपलं, टाळ्या वाढत चालल्या, क्लीव्हलंड काहीतरी म्हणतायत, आणि टक्. अर्धा सेकंद ठार शांतता. मग टाळ्या परत मधूनच सुरू. प्रत्येक ट्रॅकला हेच. सगळी रात्र एक सलग उपासना आहे आणि दर काही मिनिटांनी कोणीतरी चर्चचं दार आपटून बंद करतंय. तुम्ही म्हणाल अर्ध्या सेकंदाने काय होतं. मला होतं! रात्री झोप लागायच्या आधी पण मी त्या टक् ची वाट बघत पडायचो.

मग लागलो मागे. एमपी३ सारख्या फॉरमॅटमध्ये फाइल बनवताना सुरुवातीला आणि शेवटी थोडी रिकामी जागा भरली जाते, प्लेअरने ती वाजवताना कापायची असते, ज्याला गॅपलेस प्लेबॅक म्हणतात. फोनवर ते होतं, पण टीव्हीवरचं ॲप ते करत नाही, निदान माझ्या टीव्हीवरचं तरी नाही. त्यात फुकटच्या प्लॅनवर होतो तेव्हा शांततेच्या जागी खाद्यतेलाची जाहिरात यायची. अरिथा बाईंचं ते पावणेअकरा मिनिटांचं टायटल साँग संपलंय, डोळ्यात पाणी आहे, आणि "हृदयाची काळजी घ्या". शेवटी पुतण्याच्या फॅमिली प्लॅनमध्ये घुसलो, तो महिन्याला माझ्याकडून पैसे मागतो, मी त्याला जेवायला बोलावतो, हिशोब बरोबर.

ज्यांना हे अल्बम नीट ऐकायचेत त्यांनी तीन गोष्टी करा. क्रॉसफेड (एक गाणं विरतानाच दुसरं सुरू करणारं सेटिंग) बंद करा, त्याने गॅप जातो असं वाटतं पण ते एका गाण्याच्या टाळ्या दुसऱ्याच्या सुरुवातीवर ओततं. आवाज सारखा करणारं सेटिंग, व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन, ते पण बंद, कारण काही ॲपवर त्यात हळू प्रार्थना आणि मोठा कोरस एका पातळीला येण्याची भानगड होते. आणि शफल, कृपा करून, बंद. लाइव्ह गॉस्पेल अल्बमवर गाणं एक ट्रॅक आणि त्याचा रिप्राइज, म्हणजे तेच गाणं परत उचलून धरलेला भाग, वेगळा ट्रॅक असं बऱ्याचदा असतं. शफलमध्ये रिप्राइज आधी येतो, म्हणजे अख्खी मंडळी उभी राहून नाचतीये आणि आपल्याला कळतच नाही की झालंय काय.

खरं सांगायचं तर गॉस्पेलचा जीव त्या शेवटातच आहे. कडवी वगैरे होऊन जातात, मग दोन-चार मात्रांचा एक तुकडा पकडतात आणि तोच फिरवत राहतात, त्याला व्हँप म्हणतात. क्वायर तेच शब्द म्हणते, मुख्य गायक वर मनाला येईल ते टाकतो, मग अर्ध्या स्वराने सूर वर, परत वर, ड्रमवाला दुप्पट लय घेतो. आपल्याकडे भजनात शेवटी गजर चढतो ना, तसंच. आता गजर ऐन चढलाय आणि कोणी मेन स्विच पाडला तर तुम्ही त्याला काय म्हणाल? म्हणून मी त्या गॅपवर एवढा चिडतो.

आता स्पीकर मेल्याचा फायदा. नवा घ्यायचा नाही हे ठरलेलं. जुन्या बाजारात एक जुना स्टीरिओ ॲम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यांचे दोन मोठे स्पीकर मिळाले, घासाघीस करून मेलेल्या डब्याच्या निम्म्या किमतीत, एका स्पीकरची जाळी फाटलेली. घरी आणून वायरीने फोन जोडला आणि ऑर्गनवादक कोरी हेन्रीचा "द रिव्हायव्हल" लावला. हा २०१६ चा, ब्रुकलिनच्या ग्रेटर टेम्पल ऑफ प्रेजमध्ये लाइव्ह रेकॉर्ड केलेला, मुख्यतः हॅमंड या विजेवरच्या ऑर्गनवर. छोट्या स्पीकरवर मी तो अर्ध्यात बंद केला होता, म्हणलं नुसती बोटांची कसरत आहे. इथे पहिल्या पाच मिनिटांत खिडकीची काच थरथरली. हॅमंड बी-३ मध्ये खालचा बेस वाजवणारा डाव्या हाताने आणि पायातल्या पेडल्सवर धरतो, आणि तो सगळा भाग माझ्या डब्यातून बाहेरच येत नव्हता! म्हणजे मी ऑर्गन अर्धाच ऐकत होतो. ९१ फिरणाऱ्या चकत्या, बाहेर ओढायचे दांडे, आणि लेस्ली स्पीकर ज्याच्या आत भोंगाच गरागरा फिरतो, त्याचा वेग बदलला की आवाज थरथरतो. पाइप ऑर्गन परवडत नाही अशा चर्चेसनी हे यंत्र घेतलं आणि त्यातून एक वेगळंच वाजवणं तयार झालं. आमच्याकडे पेटीचं झालं तसंच काहीतरी. त्याचाच २०२४ चा "चर्च" अल्बम, ज्याला २०२५ चं रूट्स गॉस्पेलचं ग्रॅमी मिळालं, तो याच्यानंतर ऐका, आधी नको. दोन्हीला पूर्ण मार्क, पण फोनच्या स्पीकरवर ऐकणार असाल तर राहू द्या.

समारा जॉयचा "अ जॉयफुल हॉलिडे" २०२३ चा ईपी, म्हणजे आखूड अल्बम. ही खरं तर जॅझवाली, पण आजी-आजोबा फिलाडेल्फियाच्या सॅव्हेट्स या गॉस्पेल ग्रुपमधले, आणि ते लपत नाही. "ओ होली नाइट" मॅक्लेंडन कुटुंबाबरोबर गायलीये, घरातलीच माणसं. मूळ गाणं १८४७ चं, ॲडॉल्फ ॲडमचं, आणि दरवर्षी कोणीतरी वरच्या सुरावर किंचाळून त्याचा जीव घेतं. इथे तसं नाही, आवाज एकमेकांना टेकून उभे आहेत. पियानिस्ट सलिव्हन फोर्टनरबरोबरचं "ट्विंकल ट्विंकल लिटिल मी" पण गोड आहे, सुप्रीम्स या ग्रुपने साठच्या दशकात गायलेलं, आणि त्यालाही ग्रॅमी. तक्रार एकच, फार लवकर संपतो. चहा गाळेपर्यंत निम्मा झालेला असतो.

ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा, "एकोज ऑफ द साउथ", २०२३. अलाबामात टॅलाडेगाच्या अंध मुलांच्या शाळेत हा ग्रुप सुरू झाला, १९३९ च्या सुमारास, माणसं बदलत गेली पण ग्रुप चालू आहे. अल्बम निघेपर्यंत त्यातले पॉल बीझली आणि बेंजामिन मूर दोघंही वारले होते. हे माहीत असलं की ऐकणं जड जातं, पण गाणी मुळीच रडकी नाहीत. नाताळचंच हवं असेल तर यांचा २००३ चा "गो टेल इट ऑन द माउंटन" घ्या, त्यात टॉम वेट्स आहे, सॉलोमन बर्क आहे, मेव्हिस स्टेपल्स आहे. पाहुणे जरा जास्तच झालेत, मला स्वतः म्हाताऱ्यांचंच ऐकायचं होतं. आमच्या सासऱ्यांना मात्र हाच सगळ्यात आवडला, इंग्रजी फारसं कळत नाही त्यांना, म्हणाले "ही माणसं खोटं गात नाहीत."

सीसी वायनन्सकडे परत. लाकडी खोक्यांवर तोच अल्बम लावला तेव्हा मागच्या क्वायरचे आवाज वेगवेगळे ऐकू यायला लागले आणि चकचकीतपणा कमी टोचला. टायटल गाण्याची धून बेथोव्हनच्या नाइन्थ सिंफनीतली, ती तर आमच्या क्वायरला पाठ आहे, पण आम्ही ती उभं राहून कवायत केल्यासारखी गातो. इथे ताल दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर बसतो, टाळी तिथेच पडते, एवढ्यानेच गाणं हलायला लागतं. तीनचे चार स्टार केले.

मग क्वायरमध्ये प्रस्ताव मांडला आणि वेगळंच महाभारत झालं. गॉस्पेल क्वायर बहुतेक तीन आवाजांत गाते, सोप्रानो (बायकांचा वरचा), अल्टो (बायकांचा खालचा), टेनर (पुरुषांचा वरचा). बेसचे पुरुष पण टेनरचीच लाइन गातात, त्यामुळेच तो आवाज असा ताणलेला आणि पेटलेला येतो. म्हणजे मीच जे गाणं सुचवलं त्यात मलाच काम नाही! आमच्या पाळकसाहेबांचं (चर्चच्या धर्मगुरूंचं) म्हणणं, एक गॉस्पेल बसवा पण ना. वा. टिळकांची भजनं काढायची नाहीत. बरोबरच आहे, टिळकांनी शंभर वर्षांपूर्वी आपल्या चालीत, आपल्या टाळांवर येशूची गाणी दिली, "उपासना संगीत" हे मराठी उपासनेच्या गीतांचं पुस्तक उघडलं की ती समोर येतात, आणि त्यांचं धड रेकॉर्डिंग शोधायला गेलं तर मिळतं ते कीबोर्डच्या तयार बीटवर. चांगल्या खोलीत, खऱ्या पेटी-तबल्यावर, मंडळीचा आवाज धरून कोणी ती रेकॉर्ड केली तर मी पैसे देऊन घेईन, आणि हे मी म्हणतोय म्हणजे बघा.

ज्यांनी गॉस्पेलचा नाताळ अजिबात ऐकलेला नाही त्यांनी कर्क फ्रँकलिनच्या १९९५ च्या "ख्रिसमस" पासून सुरुवात करा, "नाउ बिहोल्ड द लँब" रात्री लावा. आणि हँडेल आवडत असेल तर १९९२ चा "अ सोलफुल सेलिब्रेशन", हँडेलच्या मेसाया या रचनेतले निवडक भाग सोल आणि गॉस्पेलमध्ये. शेवटचा हालेलुया पाच जण सोबत असताना लावा, एकटे असाल तर शेजारी बेल वाजवतील.

एक विचारायचं होतं. अरिथाच्या कंप्लीटची ती १९९९ ची दोन सीडींची आवृत्ती कोणाकडे असेल तर ऐकून सांगा, दोन ट्रॅकच्या मधे टाळ्या सलग येतात का तिथे पण तुटतात. सलग असेल तर सीडी शोधतो. जुन्या बाजारातल्या त्याच माणसाकडे एक सीडी प्लेअर बघून ठेवलाय, तो सोळाशे म्हणतोय, मी हजाराच्या वर जाणार नाही.