मागूर की शिंगी? पाठीवरचा पर आधी पाहावा

पहिल्या पावसात पाणी भरलेल्या शेतात, किंवा गोव्यातील करमळी-कुडतरीसारख्या गोड्या तळ्यांच्या काठी, मिशाळ आणि बिनखवल्यांचा मासा हाती आला, तर तो मागूर की शिंगी हे ठरवताना पुष्कळांची नजर मिशांवर जाते आणि तेथेच घोटाळा होतो. मिशांच्या चार जोड्या दोन्ही माशांना असतात. रंगही भरवशाचा नाही, कारण पाण्यानुसार आणि वयानुसार तो बदलतो.

खरी खूण पाठीवर आहे. मागुराचा पृष्ठपर डोक्यामागून निघून जवळजवळ शेपटीपर्यंत जातो, तर शिंगीचा आखूड असून त्यात जेमतेम सहा-सात मऊ काटे असतात, आणि त्याच्या मागची पाठ शेपटीपर्यंत अगदी मोकळी राहते. पोटाखालचा गुदपर मात्र दोघांचाही लांब असल्याने तो पाहून निर्णय करू नये.

हवेतून श्वास दोघेही घेतात, पण मासा चिरल्यावर फरक उघड होतो: मागुराच्या कल्ल्यांवरच्या पोकळीत झाडाच्या फांद्यांसारखे फुटवे असलेले इंद्रिय असते, शिंगीत त्याऐवजी पाठीच्या स्नायूंत मागवर गेलेल्या दोन लांब पिशव्या सापडतात.

ओळख पटेपर्यंत मासा उघड्या हाताने धरू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. छातीच्या परांतील काटा मागुरालाही असतो, परंतु शिंगीचा काटा विषारी असून त्याच्या दंशाने तीव्र वेदना होतात.