डब्यावर एमपीपीटी, आत पीडब्ल्यूएम : सोलर कंट्रोलरमध्ये झालेली फसवणूक

देवगडच्या सड्यावर आमची हापूसची बाग आहे. महावितरणचा खांब तिथवर पोचलेला नाही आणि हंगामात राखणदार रात्रंदिवस बागेतच असतो. त्याच्यासाठी सोलर घेतला. ७२ सेलचं ३३० वॉटचं पॅनेल, १२ व्होल्टची १५० एएच ट्युब्युलर बॅटरी आणि पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारा चार्ज कंट्रोलर. पॅनेल जास्त व्होल्टेजचं असल्यामुळे कंट्रोलर एमपीपीटीच, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा लागेल, हे दुकानदारानेच सांगितलं. पैसेही एमपीपीटीचेच घेतले. डब्यावर ती अक्षरं ठळक छापलेली होती.

लख्ख ऊन असूनही बॅटरी भरेना. दोन दिवे आणि एक पंखा, तरी पहाटेच्या आधी इन्व्हर्टर बोंबलायला लागे. दुकानदार आधी म्हणाला, खारं वारं आहे, पॅनेल पुसत जा. मग बॅटरीला दोष दिला. शेवटी म्हणाला, "काका, अजून एक पॅनेल घ्या, सिरीजमध्ये जोडून देतो."

तेव्हा गावातल्या वायरमनला बोलावलं. त्याच्याकडे डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर होता. साधे क्लॅम्प फक्त एसी करंट दाखवतात. भर दुपारी, बॅटरी उतरलेली असताना त्याने मोजलं. पॅनेलच्या वायरमध्ये साडेआठ अँपिअर, बॅटरीच्या वायरमध्येही साडेआठच. पॅनेलचं व्होल्टेज बॅटरीइतकंच, तेराच्या आसपास. म्हणजे ३३० वॉटच्या पॅनेलमधून जेमतेम ११० वॉट मिळत होते.

म्हणजे डब्यात एमपीपीटी नव्हताच, पीडब्ल्यूएम हा साधा प्रकार होता. पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलला थेट बॅटरीशी जोडतो, त्यामुळे पॅनेलचं व्होल्टेज बॅटरीच्या पातळीवर खाली येतं आणि वरचं सगळं वाया जातं. खरा एमपीपीटी पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर, तापलेलं असलं तरी तेहतीस-चौतीसवर चालवतो आणि व्होल्टेज उतरवून करंट वाढवतो. त्याच उन्हात आमच्या बॅटरीला वीसेक अँपिअर मिळायला हवे होते.

सर्वात जास्त संताप आला तो दुसऱ्या पॅनेलच्या सल्ल्याचा. या पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काहीही न जोडता मिळणारं व्होल्टेज, ४६. दोन सिरीजमध्ये जोडली की ९२. कंट्रोलरच्या मागे बारीक अक्षरांत कमाल ५० व्होल्ट लिहिलेलं आहे. तो जळलाच असता, आणि तोपर्यंत आणखी एका पॅनेलचे पैसे गेले असते.

क्लॅम्प नसेल तर साधा मल्टिमीटरही चालतो. बॅटरी उतरलेली असताना, कडक उन्हात, चार्जिंग चालू ठेवून पॅनेलच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. बारा व्होल्टच्या बॅटरीवर ते तेरा-चौदाच दिसलं तर आत पीडब्ल्यूएम आहे. बॅटरी भरलेली असताना मात्र हे मोजू नका, आकडा फसवा येतो. ३६ सेलचं, अठरा व्होल्टच्या आसपास चालणारं पॅनेल असेल तर बारा व्होल्टला पीडब्ल्यूएम पुरतो. मग एमपीपीटीचे पैसे कशाला द्यायचे?

बिलावर नुसतं 'सोलर सेट' लिहून घेऊ नका. कंट्रोलरचा प्रकार, मॉडेल आणि कमाल इनपुट व्होल्टेज लिहायला लावा. आमच्या बिलावर एमपीपीटी लिहिलेलं आहे. त्याच आधारावर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते.