१६५० रुपयांची अक्षरपेटी आणि फुकटच्या गोष्टी

एस.टी.त ३३ वर्षं वाहक होतो, चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. शिकवण्याचा अनुभव शून्य. पण लेक आणि जावई वाईजवळ शेती करतात, पोराला शाळेत न घालता घरीच शिकवतात, आणि पोरगा पावणेआठ वर्षांचा झाला तरी वाचेना, तेव्हा हे काम माझ्याकडे आलं. ‘अण्णा, तुम्हाला वेळ आहे’ एवढीच माझी पात्रता. गेल्या सव्वा वर्षात या पायी काय काय घेतलं, कशाचे पैसे वसूल झाले आणि कशाचे बुडाले, ते लिहितोय. वेबिल, म्हणजे वाहकाचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद, जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, ही जुनी सवय.

आमचं वाई गाव मराठी विश्वकोशाचं. ते जाडजूड खंड जिथे तयार झाले तिथे राहायचं आणि नातवाला ‘कमळ’ वाचता येऊ नये, हे मला लोकांनी स्टँडवर ऐकवलंय. ‘शाळेत घातला असता तर एव्हाना पेपर वाचला असता.’ असेल. शेजारचा तिसरीतला पोरगा रोज शाळेत जातो आणि तोही अडखळतो, पण त्याच्या आजोबाला कोणी थांबवून विचारत नाही.

आधी पेटी. ऑनलाइन मागवली, १६५० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशा पेट्या पुष्कळ आहेत आणि मी पाहिलेल्या साऱ्या एकाच साच्यातल्या. जाड कार्डं, प्रत्येकावर एक अक्षर आणि एक चित्र, सोबत बोलणारं पेन. कार्डावर टेकवलं की पेन म्हणतं, ‘क, कमळ’. माल चांगला आहे. कोपरे गोल, ओल्या फडक्याने पुसता येतात, धाकट्या नातीने दोन कार्डं चावली तरी काही झालं नाही. पहिले आठ दिवस घरात नुसता आनंद. पेन बोलायचं, पोरगा त्याच्यामागून बोलायचा, लेक खूश. नवव्या दिवशी मी अंगठ्याने चित्र झाकलं आणि विचारलं, ‘हे काय?’ पोरगा अक्षर सोडून माझ्या तोंडाकडे बघत बसला. त्याने चित्रं पाठ केली होती.

बरं, चित्रं झाकून महिनाभर घासली, तेव्हा अक्षरं आली. पण त्यातही खोड निघाली. पेटीवरचा ल उभ्या दांड्याचा, हिंदी वळणाचा, आणि श सुद्धा तिकडचाच. आपला ल दोन पाकळ्यांचा आणि श देठाचा. शासनाने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढला त्यातही हेच वळण आहे. नातवाला पेटीतला ल आणि किराणा दुकानाच्या पाटीवरचा ल ही दोन वेगळी अक्षरं वाटायची, आणि त्याचं काय चुकलं? आधीच ज्याला घ-ध आणि भ-म वेगळे करताना घाम फुटतो, त्याच्यापुढे एका अक्षराची दोन तोंडं कशाला ठेवायची? मोबाइलवरही हीच गंमत होते, लिपीचा फाँट हिंदी वळणाचा असला की. म्हणून पैसे देण्याआधी पेटीवरच्या फोटोत ल आणि श शोधा. मी शोधले नाहीत.

पेनातली बाई ‘चमचा’ म्हणताना च्यमच्या म्हणते. आपल्या चमच्यातला च वेगळा, चहातला वेगळा. ‘जहाज’ या एका शब्दात दोन ज आहेत, पहिला एक तऱ्हेचा आणि शेवटचा दुसऱ्या. लिहिताना एकच. घरात बोलणाऱ्या माणसाला हे कळतं, पेनाला कळत नाही. आणि ङ, ञ यांचीही कार्डं होती! चित्राच्या जागी फुलाची नक्षी. पेन टेकवलं की ‘ङ’ म्हणून गप्प.

पण पेटीचा खरा दोष यातला एकही नाही. तो मला कळला एका फुकटच्या कागदामुळे. प्रथम संस्थेचं ‘असर’ नावाचं सर्वेक्षण आहे, २००५ पासूनचं. ही माणसं गावोगाव घरी जाऊन मुलांचं वाचन तपासतात. त्यांचा तपासणीचा कागद मराठीत इंटरनेटवर मिळतो. त्यावर सुटी अक्षरं, मग सोपे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. पाच अक्षरांतली चार बरोबर आली की अक्षरं येतात असं धरायचं, शब्दांचंही तसंच. दहा मिनिटांचं काम. नातवाची अक्षरं पाचपैकी पाच. शब्द पाचपैकी शून्य. ‘क… म… ळ…’ असं नीट म्हणायचा, एकेक अक्षर बरोबर, आणि मग विचारायचा, ‘पाणी?’

म्हणजे तिकीट शिरवळचं आणि पोरगं बसवलंय महाबळेश्वरच्या गाडीत. पेटी अक्षरं ओळखायला शिकवते, आणि याची अडचण होती ओळखलेली अक्षरं एकत्र ऐकण्याची. त्या पेटीतली आणखी शंभर कार्डं दाखवली असती तरी ‘कमळ’ काही उमललं नसतं. दुकानदाराला हे विचारून उपयोग नाही. आधी पोरगं कुठे अडलंय ते बघा, मग खिशात हात घाला.

माझ्या गाडीला वर्षानुवर्षं येणाऱ्या एक बाई होत्या, फलटणकडच्या शाळेत शिक्षिका, आता निवृत्त. त्यांना फोन केला. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांची प्रगत शिक्षण संस्था आहे. बर्नसनबाई मूळच्या अमेरिकेच्या, मराठीच्या अभ्यासक, फलटणला बरीच वर्षं राहिल्या. त्या संस्थेचं काम या शिक्षिकेने पाहिलेलं. त्या म्हणाल्या, ‘अ पासून ज्ञ पर्यंत सगळं आधी आणि बाराखडी नंतर, हा हट्ट सोडा. चार अक्षरं घ्या, एक काना घ्या, आणि त्याच दिवशी शब्द करा.’ म, क, ल, र घेतले. मका, काका, मामा, काम, कला, मार, कमाल, माला. चार अक्षरं आणि एक दांडी, एवढ्यावर घर भरलं. पुढच्या आठवड्यात स आणि त आले तेव्हा मी त्याला जिल्ह्याचं नाव लिहून दाखवलं. सातारा. तीन अक्षरं, तीन काने, फसवणूक काही नाही. इतकं सोपं नाव दिल्याबद्दल आभारच मानायला हवेत.

जोडून ऐकण्यासाठी मात्र माझी युक्ती. आमच्या एस.टी.त एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला. ताटलीवर चमचा वाजवायचा. प्रत्येक अक्षराला एक बेल, थांबून म्हणायचं. शब्द संपला की डबल बेल, आणि गाडी न थांबता सगळं एका दमात. क, ठण्ण. म, ठण्ण. ळ, ठण्ण. ठण्ण ठण्ण, कमळ! तीन आठवडे ताटली वाजली. लेकीने एकदा ताटली लपवून ठेवली, तेव्हा खिडकीच्या गजावर वाजवली.

आता ज्याची खरी शिफारस करायची ते. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ नावाचं संकेतस्थळ आहे, २०१५ पासूनचं. मुलांच्या चित्रगोष्टी, मराठीत भरपूर, फुकट. उतरवून घ्यायला आणि छापायलाही परवानगी आहे, तसा परवानाच त्यांनी दिलाय, त्यामुळे झेरॉक्सवाल्याकडे चोरासारखं जावं लागत नाही. गोष्टींच्या चार पातळ्या. पहिली नुकतं वाचू लागलेल्यांची, अडीचशे शब्दांच्या आतली, सोपे आणि पुन्हा पुन्हा येणारे शब्द. दुसरी सहाशेपर्यंत, तिसरी दीड हजारापर्यंत, चौथी त्याहून मोठी. आम्ही सव्वा वर्षात पहिलीतून दुसरीच्या दारापर्यंत आलोय.

पहिल्या पातळीत काही गोष्टींत एका पानावर तीन-चारच शब्द असतात. याची किंमत शाळेत पटापट वाचणाऱ्या पोराच्या आईबापाला कळायची नाही. माझ्या नातवाने आयुष्यात पहिल्यांदा एक पुस्तक संपवलं. अकरा मिनिटं लागली, मी घड्याळ लावलं होतं. संपल्यावर त्याने मागचं पान उलटून पाहिलं, आणखी काही राहिलं नाही ना म्हणून. मग ते पुस्तक उशाखाली घेऊन झोपला.

छापताना रंगीत छापू नका. काळंपांढरं छापून आणलं की पोरगा स्वतः रंगवतो आणि तेवढा वेळ ते पान त्याच्यासमोर राहतं. आमच्याकडे पानाला दोन रुपये पडतात, एका बाजूला दोन पानं बसवली की गोष्ट सोळा-अठरा रुपयांत होते. मधोमध दोन टाचण्या मारून घ्या. जाड कागद मागू नका, घडी बसत नाही. स्क्रीनवर वाचून पाहिलं, पण बोट शब्दाखाली फिरवायला गेला की पानच सरकायचं.

निवडताना गोष्ट आधी स्वतः मोठ्याने वाचा. पहिली पातळी म्हणजे सगळे शब्द बिनजोडाक्षरी, असं नाही. मी गोष्टीत पेन्सिलीने खूण करतो: हे शब्द तुझे, हे माझे. जोडाक्षर आलं की मी म्हणायचं, पुढे त्याने. पहिल्या दिवशी मी सगळी वाचतो, दुसऱ्या दिवशी दोघे, तिसऱ्या दिवशी तो एकटा. चौथ्या दिवशी शेवटच्या पानापासून उलट, कारण पेटीने एक शिकवलंय, पोरगं पाठ करण्यात हुशार आहे. मधलाच एखादा शब्द बोटाने दाखवला की खरं-खोटं कळतं.

या संकेतस्थळावर आपली गोष्टही करता येते, त्यांची चित्रं घेऊन. मी ते मोबाइलवर करायला गेलो आणि दमलो, शेवटी वहीतच केली. नाव ‘वाई ते स्वारगेट’. प्रत्येक पानावर एक थांबा. वाई, सुरूर, खंडाळा, शिरवळ, कापूरहोळ, कात्रज, स्वारगेट. ही गोष्ट त्याने आजवर सगळ्यात जास्त वेळा वाचली असेल. शिरवळपाशी गाडी पंधरा दिवस बंद पडली होती. र्‍हस्व वेलांटी लिहिताना श च्या आधी, बोलताना नंतर; पोरगा आपला ‘इ, शरवळ’. त्याचं बरोबर होतं हो, डावीकडून उजवीकडे वाच म्हणून आपणच सांगतो. मी वेलांटीला ‘दारात आधी उभा राहणारा पण मागच्या सीटवर बसणारा प्रवासी’ म्हणून समजावलं, तेव्हा जमलं.

आणि र! गाडीवर लिहिलेलं असतं, महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ. या एका ओळीत र कुठे काना घेऊन आहे, कुठे ट च्या पायाशी, कुठे ग च्या डोक्यावर, कुठे वेलांटीच्या मागे. ३३ वर्षं त्या गाडीत चढलो-उतरलो, कधी दिसलं नव्हतं. एका रविवारी दोघं आगारात गेलो आणि एका उभ्या गाडीवरचे र मोजत बसलो. चालकाला वाटलं, गाडीला काही घासलंय.

तपासणीबद्दल थोडकं. डोळे आणि कान आधी तपासून घ्या; आमचे दोन्ही ठीक निघाले. मग पुण्यातल्या एका केंद्रात नेलं, तिथे पोराला इंग्रजीतून तपासलं आणि इंग्रजी येत नाही असा निष्कर्ष काढला. ते आम्हाला घरीच ठाऊक होतं, दोन हजार रुपये न देता. मराठी पोराची तपासणी मराठीतून मागा. वाचनदोष ओळखण्यासाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाच्या चाचण्या तयार केल्यात, त्या मराठीतही आहेत. आम्ही त्या करणारं माणूस शोधतोय. निकाल काही येवो, ताटली चालू राहणार.

हिशेब असा. पेटीला पाचपैकी दीड. त्यातला एक कार्डाच्या मजबुतीला. स्टोरीवीव्हरला साडेचार. असरचा कागद महिन्यातून एकदाच वापरायचा, रोज नाही, नाहीतर पोरगं गोष्टीपेक्षा परीक्षेला घाबरतं. आम्ही दर एक तारखेला करतो. पाचव्या महिन्यात शब्द आले, तेराव्या महिन्यात परिच्छेद, अडखळत. दुसरीच्या पातळीची गोष्ट अजून नाही. पोरगा नऊ वर्षांचा झालाय. पुढे मुक्त विद्यालयाची तिसरीच्या तोडीची परीक्षा द्यायचं जावयाच्या मनात आहे. मी घाई करू नका म्हटलंय.

गेल्या आठवड्यात स्टँडवर उभे होतो. समोरच्या गाडीची पाटी त्याने वाचली, न विचारता. ‘वि-ना-वा-ह-क.’ मग डबल बेल, तोंडाने. ‘विनावाहक. अण्णा, म्हणजे काय?’

‘ज्या गाडीत कंडक्टर नसतो ती.’

त्याने थोडा वेळ विचार केला. ‘मग तुम्ही कुठे बसायचा?’

पेटी आमच्याकडे पडून आहे. वाईत कोणाला हवी असेल तर फुकट घेऊन जा. ण आणि ठ सापडत नाहीत, पेनचे सेल तुमचे तुम्ही घाला.