गावाला टाकी की जाळ्याची भरपाई?

कोथरूडच्या आमच्या गटाने कोकणातल्या एका गावासाठी वर्गणी काढलीय. अट एकच: गावाने किनाऱ्यालगतचा समुद्र राखायचा. बदल्यात या पैशातून काय द्यायचं, सगळ्या गावाला पाण्याची टाकी की जाळ्याचं नुकसान झालेल्या मच्छीमाराला भरपाई?

पाण्याची टाकी बांधली तर होडी नसलेल्या घरांनाही लाभ होतो, डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकणाऱ्या बायकांनाही. पण टाकी एकदा उभी राहिली की अट कोण पाळणार?

भरपाईचं तसं नाही. राज्यात २०१८ पासून कासवासारखा संरक्षित जीव सोडवताना जाळं कापावं लागलं, तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत मिळतात. ज्याचं जाळं फाटतं, त्यालाच पैसे. हे मला फार पटतं. मात्र बाकीचं गाव कोरडंच राहतं. मालवणला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा मच्छीमारांनी पोटासाठी विरोध केला होता, हे विसरून कसं चालेल?

माझं मत टाकीला. पण पैसे दरवर्षी हप्त्याने, ग्रामसभेत हिशेब मांडल्यावरच.